बिजायाची मेणबत्ती, मोटारीचा प्लग

आमच्या घरात एक शब्द होता, जो मला कुठल्याच मराठी किंवा उर्दू शब्दकोशात सापडला नाही. बवाजी. स्कूटर सुरू होईना की अब्बा म्हणायचे, ‘बवाजी काढ, बघू.’ मी प्लग-पाना घेऊन स्पार्क प्लग काढायचो, अब्बा तो उन्हात धरून बघायचे आणि मग पुढचे सांगायचे. अब्बांनी १९८० च्या दशकात आठ वर्षे सौदीतल्या दम्माम शहरात एका गॅरेजमध्ये काम केले. तिथून आणलेल्या रेडिओ आणि कांबळ्यांबरोबर हा शब्दही आमच्या कोकणातल्या घरात आला, एवढेच आम्हाला माहीत होते. आम्हा भावंडांना तो विनोदी वाटायचा. शाळेतल्या मित्रांसमोर मी ‘प्लग’च म्हणायचो.

गेल्या वर्षी हा शब्द पुन्हा समोर आला. माझा आतेभाऊ पंचवीस वर्षांपासून इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहतो. त्याने हौसेने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली, १९६९ ची एमजीबी. दोन माणसांची, उघड्या टपाची, बुटकी गाडी. रविवारी धुवायची, पुसायची आणि तासभर फिरवायची. पण ही गाडी सिग्नलला थांबली की थरथरायची, रहदारीत मिसिंग करायची आणि घरी पोचेपर्यंत जीव खायची. तिकडच्या एका दुकानदाराने ‘गाडी स्पोर्ट्स आहे, प्लगही रेसचे घाला’ असे सांगून महागडे चार प्लग त्याच्या गळ्यात मारले होते. त्यानंतर दुखणे वाढलेच. शेवटी त्याने चारही प्लग काढून कागदावर ओळीने ठेवले, फोटो काढला आणि पाठवला. सोबत निरोप होता : ‘मामूंना दाखव.’

अब्बांनी चष्मा चढवून फोटो मोठा केला. चारही प्लगांची टोके काळीकुट्ट होती, चुलीवरच्या तव्याच्या बुडासारखी. अब्बांनी फोन लावायला सांगितला आणि तीन प्रश्न विचारले.

‘काजळी कोरडी आहे की तेलकट?’

‘कोरडी, मामू. बोटाला पूड लागते.’

‘चोक पूर्ण आत जातो ना?’

‘जातो. तपासला. कार्बोरेटरही सेट करून घेतलेत.’

‘मग बवाजीवर नंबर काय लिहिलाय ते वाच.’

आतेभावाने नंबर वाचला. अब्बा म्हणाले, ‘थंड बवाजी घातलाय तू बेटा. तो गरमच होत नाही, म्हणून स्वतःची काजळी जाळू शकत नाही.’

त्या रात्री मी दोन गोष्टी शोधायला बसलो. प्लग थंड किंवा गरम असतो म्हणजे काय आणि बवाजी हा शब्द आला कुठून. दोन्ही वाटा मला अपेक्षेपेक्षा लांब घेऊन गेल्या.

एका बंदराचे नाव

आधी शब्दाची गोष्ट. बवाजी हे अरबी बोलीतले अनेकवचन आहे. आखाती देशांतल्या गॅरेजांत स्पार्क प्लगला बूजी किंवा त्याच्या जवळपासचा शब्द वापरतात. इजिप्तमध्येही तसाच शब्द आहे आणि तुर्कीतही प्लगला बूजीच म्हणतात. हा शब्द त्यांच्याकडे फ्रेंचांकडून आला. फ्रेंच भाषेत स्पार्क प्लगला ‘बूजी’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे मेणबत्ती.

पण फ्रेंचांकडे तो आला कुठून? अल्जीरियाच्या किनाऱ्यावर बिजाया नावाचे बंदर आहे. अकराव्या शतकात हम्मादी घराण्याच्या सुलतान नासिरने ते वसवले आणि लवकरच ते पश्चिम भूमध्य समुद्रावरचे मोठे व्यापारी शहर बनले. आसपासच्या डोंगरांत मधमाश्या मुबलक होत्या. तिथले मेण जहाजांत भरून युरोपात जायचे. चरबीच्या मेणबत्त्या धूर करत आणि वास मारत. मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती स्वच्छ जळायची. चर्चमध्ये आणि श्रीमंतांच्या घरांत तिला मागणी होती. फ्रेंच लोक बिजायाला बूजी म्हणत, म्हणून तिथल्या मेणाच्या मेणबत्तीलाही ते बूजी म्हणू लागले. आपल्याकडे बनारसच्या शालूला नुसते ‘बनारसी’ म्हणतात, तसेच हे.

हे शहर आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. इटलीतल्या पिसा शहराच्या व्यापाऱ्यांचा एक प्रतिनिधी बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिजायाच्या जकात कचेरीत कामाला होता. हिशेब शिकावा म्हणून त्याने आपल्या मुलाला तिथे बोलावून घेतले. मुलगा तिथे हिंदुस्थानचे नऊ अंक आणि शून्य शिकला. पुढे १२०२ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. तो मुलगा म्हणजे लिओनार्डो फिबोनाची. युरोपला आपल्या अंकपद्धतीची ओळख करून देणाऱ्या मोठ्या वाटांपैकी एक या मेणाच्या बंदरातून गेली. नंतर १३६५ साली थोर इतिहासकार इब्न खल्दून याच शहरात सुलतानाचा हाजिब, म्हणजे प्रमुख कारभारी, होता.

मोटार आली तेव्हा फ्रेंचांना इंजिनाच्या डोक्यावर बसणारी, वर पांढऱ्या चिनीमातीची आणि टोकाला उजेड पाडणारी ही वस्तू मेणबत्तीसारखी दिसली. ते एकटेच नव्हते. जर्मन भाषेत स्पार्क प्लग म्हणजे पेटवणारी मेणबत्ती. इटालियन आणि रशियन भाषांतही मेणबत्तीचाच शब्द आहे. स्पॅनिशमध्ये ‘बुहिया’ म्हणतात, तेही बिजायाच. फारसीत गाडीच्या प्लगला सरळ ‘शमा’ म्हणतात. आयुष्यभर वर्गात शमा आणि परवाना शिकवत आलो, पण तेहरानच्या गॅरेजात मेकॅनिक शमा बदलतो, हे मला पंचेचाळिशीत कळले. इंग्रजांना मात्र त्यात मेणबत्ती दिसली नाही, बूच दिसले. म्हणून त्यांनी त्याला प्लग म्हटले आणि इंग्रजांकडून मोटार घेतलेल्या आपण तोच शब्द उचलला.

म्हणजे बिजायाचे नाव मेणाबरोबर फ्रान्सला गेले, मेणबत्ती झाले, मेणबत्तीचे मोटारीत गेले, मोटारीबरोबर अरबांकडे परत आले आणि दम्मामच्या गॅरेजातून अब्बांच्या तोंडी बसून कोकणात उतरले. ज्या शब्दाची मला मित्रांसमोर लाज वाटायची, त्याच्या मागे हजार वर्षांचा प्रवास होता.

एक खुलासा इथेच करतो. ‘म्हणजे स्पार्क प्लगचा शोध मुसलमानांनी लावला’ असा निरोप उद्या कुणी फिरवू नये. तसे काही नाही. शहराचे नाव शब्दात राहिले, इतकेच. आणि खरे सांगायचे तर स्पार्क प्लगचा शोध कुणा एकाने लावला असेही म्हणता येत नाही.

ठिणगी कुणाची?

एत्येन लनुआर हा बेल्जियमच्या प्रदेशात जन्मलेला आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेला कारागीर. १८६० साली त्याने कोळशाच्या गॅसवर चालणारे इंजिन बनवले. सिलिंडरमधला गॅस पेटवण्यासाठी त्याने विजेच्या कॉइलमधून ठिणगी पाडली आणि ती वीज आत नेणारी तार चिनीमातीतून घातली. आजच्या प्लगचे मूळ रूप तेच. पण पुढची चाळीस वर्षे ठिणगीवर कुणाचा पक्का भरवसा नव्हता. डाइम्लरने आपल्या इंजिनात तापलेली नळी वापरली. बाहेरून बर्नरने नळी लाल करायची आणि तिच्या उष्णतेने आतले मिश्रण पेटायचे. १८८६ च्या आपल्या तीनचाकी गाडीत कार्ल बेन्झने विजेची ठिणगी निवडली, पण बॅटरी आणि कॉइल सांभाळता सांभाळता त्याचे हाल झाले. इंजिनासंबंधीच्या सगळ्या अडचणींत पेटवण्याची अडचण त्याला सर्वांत अवघड वाटायची. १८९८ साली निकोला टेस्लानेही इंजिनाच्या विद्युत प्रज्वलनाचे एक पेटंट घेतले.

खरा तोडगा निघाला १९०२ साली. स्टुटगार्टला रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाची वीज तयार करणारा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग अशी जोडी बनवली. इंजिन फिरू लागले की मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करायचा. तिचा दाब इतका की ती प्लगच्या दोन टोकांमधली फट उडी मारून ओलांडायची. आत हलणारे, झिजणारे काही उरले नाही. मोटारींचा वेग त्यानंतर झपाट्याने वाढला.

याच सुमारास इंग्लंडमध्ये प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांची मुले प्लग बनवू लागली. ऑलिव्हर लॉज तेव्हा बर्मिंगहॅम विद्यापीठाचे प्रमुख होते. पॅरिसचा सायकलपटू अल्बेर शाँपियाँ १८९९ ची पॅरिस-रुबे शर्यत जिंकून अमेरिकेला गेला आणि तिथे त्याने प्लगचा धंदा काढला. भागीदारांशी पटले नाही तेव्हा त्याचे आडनाव त्यांच्याकडे राहिले आणि तो चॅम्पियन प्लग झाला. त्याने आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून दुसरा कारखाना काढला, तो एसी. एका माणसाच्या नावाचे दोन ब्रँड पुढे जगभर एकमेकांशी स्पर्धा करत राहिले.

अभ्रक

ही झाली ज्यांची नावे पुस्तकांत आहेत त्यांची गोष्ट. पण ज्या गोष्टीवर प्लगचे मरणे-जगणे ठरत होते ती वेगळीच होती.

प्लग हातात घेऊन बघा. मधोमध एक तार आहे, तिच्यातून हजारो व्होल्टची वीज खाली येते. बाहेर लोखंडाचे कवच आहे, ते इंजिनाच्या हेडमध्ये आवळलेले असते. या दोहोंच्या मध्ये पांढरा भाग आहे. विजेला सोपी वाट हवी असते आणि लोखंड अगदी बोटभर अंतरावर आहे. पांढऱ्या भागाला बारीकशी चीर गेली किंवा त्यावर काजळी बसली, तर वीज तिथूनच पळून जाते आणि टोकाला ठिणगी पडतच नाही. म्हणून प्लगची सगळी कर्तबगारी त्या पांढऱ्या, मुक्या भागात आहे. एका बाजूने आगीचे तापमान, दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा, वरून हजारो व्होल्ट आणि सेकंदाला वीस-पंचवीस स्फोटांचे हादरे, हे सगळे त्याने सोसायचे.

सुरुवातीची चिनीमाती हे सोसू शकत नव्हती. शर्यतीच्या गाडीत तर मिनिटांत तडकायची. केनेल्म ली गिनेस हा इंग्लंडमधला शर्यतीचा ड्रायव्हर, प्रसिद्ध मद्यउत्पादक गिनेस घराण्यातला. प्लग वारंवार दगा देतात म्हणून त्याने स्वतःच प्लग बनवायला घेतले आणि १९१२ च्या सुमारास लंडनजवळ पटनी व्हेल इथे कारखाना टाकला. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून प्लगचे नाव पडले केएलजी. चिनीमातीच्या जागी त्याने अभ्रक वापरले. मधल्या तारेभोवती अभ्रकाचा पातळ पापुद्रा गुंडाळायचा, त्यावर अभ्रकाच्या शेकडो चकत्या एकावर एक चढवून दाबायच्या आणि मग लेथवर गुळगुळीत करायच्या. अभ्रक तडकत नाही, वीज जाऊ देत नाही आणि उष्णता सोसते. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांना असेच प्लग लागले. १९२२ मध्ये गिनेसने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी १३३ मैलांहून अधिक वेगाचा जागतिक विक्रम केला.

आणि अभ्रक कुठून यायचे? त्या काळी जगातल्या उत्तम पत्री अभ्रकाचा सर्वांत मोठा पुरवठा हिंदुस्थानातून व्हायचा. आजच्या झारखंड-बिहारमधले कोडरमा, हजारीबाग आणि गया हा पट्टा, तर दक्षिणेत नेल्लोर. अरुंद भुयारांतून अभ्रकाची ढेपे वर आणायची आणि मग छपरांखाली बसून चाकूने एकेक पापुद्रा सोडवायचा. या कामात बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती, कारण बोटे बारीक लागत आणि मजुरी कमी द्यावी लागे. केसाहून पातळ पापुद्रा न फाटता वेगळा करणे हे यंत्राला जमत नव्हते. युरोपातल्या कारखान्यांचे काम या बोटांवर अडलेले होते.

उर्दूत अभ्रकाला अबरक म्हणतात. आपल्याकडे त्याचा उजेडाशी जुना संबंध आहे. मुर्शिदाबादचे चित्रकार अभ्रकाच्या पारदर्शक पत्र्यांवर चित्रे काढत आणि असे पत्रे मोहरमच्या मिरवणुकीतल्या कंदिलांना लावले जात. आत ज्योत, भोवती अभ्रक. पटनी व्हेलच्या प्लगातही तेच होते. आत ठिणगी, भोवती अभ्रक. वेग वाढला, पण आग सांभाळणारा पापुद्रा तोच राहिला.

अभ्रकाचे हे राज्य फार काळ टिकले नाही. १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिसे मिसळू लागले आणि शिशाची संयुगे तापलेल्या अभ्रकाला खाऊ लागली. १९३० च्या दशकात जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये नवा पदार्थ आला, भाजून घट्ट केलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड. निसर्गात हाच पदार्थ कुरुंद म्हणून सापडतो. धार लावायला आपण ज्याचा दगड वापरतो तो कुरुंद. इंग्रजीतला शब्दही तमिळ ‘कुरुंदम’वरूनच गेला आहे. रंगाचा अंश मिसळला की कुरुंदाचेच माणिक आणि नीलम होतात. आजच्या प्रत्येक प्लगचा पांढरा भाग म्हणजे भट्टीत बनलेला कुरुंदच.

आजही जगातल्या मोठ्या प्लग ब्रँडांपैकी एक असलेल्या जपानच्या एनजीकेचे नाव बघा. पूर्ण नाव निप्पॉन गायशी काइशा. गायशी म्हणजे विजेच्या खांबावरचा चिनीमातीचा इन्सुलेटर. आधी त्यांनी खांबांवरचे इन्सुलेटर बनवले आणि १९३६ साली प्लगसाठी वेगळी कंपनी काढली. ज्यांना पांढरी माती भाजता येत होती, त्यांना प्लग जमला. आपल्याकडे १९५१ साली बॉशच्या सहकार्याने बंगळूरला मायको कंपनी उभी राहिली. अब्बांच्या पिढीला प्लग म्हटले की आधी मायको आठवतो.

थंड आणि गरम

आता अब्बांच्या निदानाकडे येऊ. गरम प्लग म्हणजे मोठी ठिणगी देणारा आणि थंड प्लग म्हणजे कमकुवत, असा पुष्कळांचा समज असतो. ठिणगीशी त्याचा काही संबंध नाही. आतल्या पांढऱ्या टोकाची उष्णता हेडच्या लोखंडात किती लवकर निघून जाते, त्यावर हे नाव पडते. टोक लांब असेल तर उष्णतेला वाट लांब पडते आणि टोक तापलेले राहते, तो गरम प्लग. टोक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते, तो थंड प्लग.

टोकाचे तापमान साधारण ४५० अंशांच्या वर असेल तर त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. ते साडेआठशे-नऊशेच्या पुढे गेले तर ठिणगी पडण्याआधीच टोकाच्या निखाऱ्याने मिश्रण पेटते आणि पिस्टनला भोक पडू शकते. या दोन्हींच्या मध्ये राहणारा प्लग तो योग्य. शर्यतीत इंजिन सतत पूर्ण जोराने धावते, म्हणून तिथे थंड प्लग लागतो. तोच प्लग सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत घातला तर टोक कधी तापतच नाही. काजळी साचते, काजळीतून वीज गळते आणि गाडी मिसिंग करते. आतेभावाच्या गाडीचे दुखणे हेच होते. प्लग वाईट नव्हते. दुसऱ्या आयुष्यासाठी बनवलेले होते.

नंबर वाचताना एक फसगत होते. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम होतो. त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लावता येत नाही. आतेभावाच्या प्लगवर बीपी८ईएस होते. एमजीबीच्या साध्या इंजिनाला बहुतेक मालक बीपी६ईएस वापरतात. यातला पहिला बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे थोडे पुढे आलेले पांढरे टोक, ६ म्हणजे उष्णतेचा क्रमांक आणि ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबीचे आटे. शेवटचा एस साध्या तांब्याच्या गाभ्यासाठी. या गाडीसाठी हा स्वस्त प्लग पुरेसा आहे.

आट्यांच्या लांबीवर विशेष लक्ष हवे. एमजीच्याच आधीच्या टी मालिकेतल्या गाड्यांत सुरुवातीला आखूड आट्यांचे हेड होते, नंतर लांब आट्यांचे आले. आखूड हेडमध्ये लांब प्लग घातला तर तो आत डोकावतो आणि पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. लांब हेडमध्ये आखूड घातला तर उरलेल्या आट्यांत काजळी भरते आणि नंतर योग्य प्लग बसत नाही. जुन्या गाडीचे हेड कधी कुणी बदलले असेल सांगता येत नाही, म्हणून निघालेला प्लग मोजूनच नवा घ्यावा.

एमजीबी ही गाडी १९६२ मध्ये आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनत राहिली. बंद टपाच्या जीटीसकट पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. तिचे १,७९८ सीसीचे इंजिन मूळचे साध्या घरगुती मोटारींच्या घराण्यातले. बाहेरून स्पोर्ट्स, आतून कष्टाळू आणि साधी. दुकानदार तिचे बाहेरचे रूप बघून फसला.

बदलण्याची रीत

प्लग बदलणे दहा मिनिटांचे काम आहे, पण घाई करणाऱ्याला ते महिन्याचे होऊ शकते. आतेभावाने ते अब्बांना फोनवर दाखवत केले, तोच क्रम इथे देतो.

इंजिन पूर्ण गार असावे. एमजीबीत कार्बोरेटर एका बाजूला आणि प्लग दुसऱ्या बाजूला आहेत, त्यामुळे हात सहज पोचतो. चारही वायरींना आधी १ ते ४ अशा चिठ्ठ्या लावायच्या. रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो आणि दोन वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी फटाके वाजवते. वायर ओढायची नाही, टोपी धरून काढायची. मग प्लगच्या खळग्यातली माती ब्रशने किंवा हवेने साफ करायची, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडते.

निघालेले प्लग क्रमाने ठेवायचे, कारण ते बोलतात. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळे ठीक. कोरडी काजळी चारही प्लगांवर असेल तर पेट्रोल जास्त जातेय किंवा प्लग थंड आहे. पुढच्या दोनांवरच असेल तर पुढचा कार्बोरेटर बघावा, मागच्या दोनांवर असेल तर मागचा. तेलकट काळेपणा असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले आहेत. टोक पांढरेफटक आणि फोड आलेले असेल तर इंजिन जास्त तापतेय. शिसे नसलेल्या आजच्या पेट्रोलवर रंग पूर्वीपेक्षा फिकट दिसतात, हे लक्षात ठेवावे.

नव्या प्लगची फट खोक्यातून बरोबरच येईल असे धरून चालू नये. या गाडीला ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटर फट लागते. फिलर गेज घालून बघायची आणि बाहेरचा वाकडा दांडाच हलवायचा, मधल्या टोकाला हात लावायचा नाही.

बसवताना पाना लगेच लावायचा नाही. अब्बा प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून त्याने फिरवायला लावतात. आटे वाकडे बसत असतील तर नळी घसरते आणि हेड वाचते. हाताने पूर्ण आत गेला, वायसर टेकला, की मग पान्याने अर्धा ते पाऊण फेरा. त्यापुढे जोर लावायचा नाही. एमजीबीचे हेड बिडाचे आहे, ते थोडे सोसते. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये जास्त जोर म्हणजे आटे गेलेच.

आतेभावाने चार बीपी६ईएस बसवले आणि गाडी सुरू केली. फोनवर इंजिनाचा आवाज अब्बांनी डोळे मिटून ऐकला आणि मान हलवली.

हातांचा इतिहास

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मनात राहिली. लनुआर, बॉश, होनोल्ड, गिनेस यांची नावे आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांनी पेटंटे घेतली, कंपन्या काढल्या. ते मोठे होतेच. पण कोडरमाच्या छपराखाली अभ्रकाचे पापुद्रे सोडवणाऱ्या बाईचे नाव कुठे लिहिलेले नाही. बिजायाच्या डोंगरात मध काढणाऱ्याचे नाही, दम्मामच्या गॅरेजात प्लगचा रंग बघायला शिकवणाऱ्या उस्तादाचेही नाही. अब्बांना ते ज्याने शिकवले तो एक येमेनी माणूस होता, इतकेच अब्बांना आठवते. तो अक्षर वाचू शकत नव्हता, प्लग वाचायचा.

वर्गात मुले मला विचारतात, ‘सर, शोध लावणाऱ्यांत आपले कोण?’ प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचे उत्तर फक्त शोधकांच्या यादीत शोधले की माणूस एकतर खोटा अभिमान धरतो नाहीतर खोटा कमीपणा. प्लगसारखी बोटभर वस्तूसुद्धा कुणा एका कौमेची किंवा एका देशाची नाही. फ्रेंच कॉइल, जर्मन मॅग्नेटो, हिंदुस्थानी अभ्रक, जपानी भट्टी आणि नाव अल्जीरियातल्या एका बंदराचे. या साखळीतला एकही हात काढला तर ठिणगी पडत नाही.

मी आता शाळेत ‘बवाजी’ शिकवतो. उर्दूच्या तासाला शमा शब्द आला की फळ्यावर बिजायाचा नकाशा काढतो आणि तिथून निघालेला शब्द कुठे कुठे गेला ते बाणांनी दाखवतो. शेवटचा बाण आमच्या गावावर येऊन थांबतो. गेल्या आठवड्यात एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, ‘सर, माझे अब्बा कुवेतला होते. तेही हाच शब्द म्हणतात. आम्ही त्यांना हसतो.’

मी म्हणालो, ‘आज घरी गेलीस की त्यांना विचार, हा शब्द त्यांना कुणी शिकवला. आणि लिहून आण.’